डावा कठडा

पोर्तोतली नदीकडची घरं एकमेकांना खेटून उभी.
हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात.
जिन्याला उजेड मिळतो तो वरूनच,
छपरातल्या काचेतून, विहिरीत पडावा तसा.

फोनवर दोना झुल्मिरा एवढंच म्हणाल्या:
कठडा हवाय. एक आहे. दुसरा हवाय.

मी टेप घेऊन गेलो. सतरा पायऱ्या.
चढताना उजवीकडे जुना कठडा, चेस्टनटचा,
तळहातांनी इतका गुळगुळीत केलेला
की रंध्याला लाज वाटावी.
सुतार लाकूड खालून बघतो. मी खालून बोटं फिरवली:
वाळलेलं च्युइंगगम, वाकवलेला खिळा,
माझ्याआधीच्या कुणाचे तरी पेन्सिलीचे आकडे.
सातव्या पायरीपाशी एकच दांडी पाइनची.
"दुआर्तनं डोकं अडकवलं होतं," त्या म्हणाल्या,
"कापावी लागली. आता लक्झेंबर्गमध्ये लिफ्ट बसवतो तो."

बेल्मिरो खाली स्वयंपाकघरात होते.
चाळीस वर्षं नदीपलीकडे वाइनची पिंपं बांधलेली.
उजवा हात मांडीवर,
पाहुणा विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

गणित साधं आहे, मला मात्र तोवर दिसलं नव्हतं:
एकाच कठड्याचा जिना
चढताना एका हाताचा असतो, उतरताना दुसऱ्या.
बेल्मिरो उतरू शकत होते.
"मग रात्री काय करता?"
"दाखवतो," ते अर्ध्या ओठांनी म्हणाले,
आणि भर दुपारी दाखवलं.
जिन्याकडे पाठ केली. डाव्या हातानं कठडा धरला.
टाचेनं मागची पायरी चाचपली, सापडली,
मग पुढची, म्हणजे मागची,
वल्हं मारणारा जातो तसे,
पाठ मुक्कामाकडे.
समोर दोन पायऱ्या खाली झुल्मिरा,
दोन्ही हात पुढे केलेले,
स्वतः कशालाच न धरता.

काम दीड दिवसाचं. ग्रॅनाइटच्या भिंतीनं
ड्रिलची दोन पाती खाल्ली.
लाकूड मीही चेस्टनटच आणलं, पण नवं ते नवंच,
सोललेल्या बटाट्यासारखं फिकं.
शेवटच्या पायरीनंतर कठडा वीतभर पुढे नेला.
जिना संपला हे अंधारात हाताला कळायला हवं.
बेल्मिरोंनी अंगठा फिरवला,
पिंपाची फळी तपासतात तसा,
म्हणाले, बरंय.
आणि सरळ, तोंड वर करून चढून गेले.
मी बिल दिलं, रस्त्यावर आलो, शीळ घालत.

मार्चमध्ये पुन्हा फोन. ब्रॅकेट हलतंय.
नवा कठडा मध्यावर काळवंडू लागला होता.
बरं वाटलं. वापर आहे.
मग बोटांना लागले ओरखडे,
बारीक, आडवे, साधारण दर दीड हातावर.
अंगठीचे.
बेल्मिरोंच्या बोटात अंगठी नाही.
पिंपवाले घालत नाहीत, लोखंडी कड्यात बोट जातं.
मी मान वर न करता स्क्रू आवळत राहिलो.
झुल्मिरा मागे उभ्या, डावा हात ॲप्रनखाली.
"गुडघा," त्या म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळानं:
"चार दिवस गेले सरळ. मग पुन्हा उलटेच.
म्हणाले, वर बघण्यासारखं आहे काय?
एक काच."

हत्यारं आवरेपर्यंत काचेतला उजेड उतरला.
दोघं निघाले वर.
त्यांचा हात जुन्या लाकडावर,
त्यांच्यासमोर दोन पायऱ्या खाली हिचा नव्यावर.
नवव्या पायरीवर ते थांबले.
"गॅस बंद केलास?"
झुल्मिरांनी एक शब्द उच्चारला, तो इथे लिहीत नाही,
आणि वळून उतरू लागल्या, कुरकुरत, एकेक पायरी.
ते तिथेच उभे राहिले,
काचेकडे पाठ करून,
त्या पुन्हा दिसतील त्या कोपऱ्याकडे बघत.